पुराचं स्वप्न, पाटावरचा तांब्या आणि युंगची सामूहिक नेणीव

रानजाई

मागच्या आठवड्यात हिंजवडीत आमच्या कंपनीने एक दिवसाचं वर्कशॉप ठेवलं होतं. वीस प्रश्न सोडवायचे आणि मग स्क्रीनवर तुमचा ‘आर्किटाइप’ येतो. बारा प्रकार होते, त्यात मी ‘पालनकर्ती’ निघाले. आमच्या टीममध्ये तीन बायका आणि तिघीही पालनकर्त्या. मॅनेजर ‘योद्धा’, आणि हा माणूस लिफ्ट बंद असली तर घरून काम करतो. ट्रेनर बाई सांगत होत्या की हे सगळं कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या मानसशास्त्रावर आधारलेलं आहे.

वैताग आला, पण घरी येऊन युंगबद्दल वाचायला बसले. तिथे ‘सामूहिक नेणीव’ हा शब्द भेटला. आपल्या मनात आपल्या स्वतःच्या आयुष्यातून न आलेलं, सगळ्या माणसांत सारखं असलेलंही काही असतं, असं तो म्हणतो. ते वाचून माझं एक जुनं स्वप्न आठवलं, म्हणून हा धागा.

मला वर्षातून दोन-तीनदा एकच स्वप्न पडतं. जुना वाडा, लाकडी जिना. पाणी एकेक पायरी चढत वर येतंय. आवाज अजिबात नाही. पाणी दुधाच्या चहासारखं गढूळ. त्यावर एक पाट तरंगतोय, पाटावर पितळी तांब्या उभा. पाट हलतो, तांब्या पडत नाही. आणि मी जिना उतरून पाण्याकडे चाललेली असते.

आमचं घर नारायण पेठेत होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पाणी शिरलं तेव्हा आजी, बाबा, आत्या सगळे त्या वाड्यात होते. पण माझा जन्म ८६ चा. वाडा त्याआधीच पडला होता. आजी मी पाच वर्षांची असताना गेली. बाबा पुराबद्दल कधीच बोलायचे नाहीत, आणि आई लग्न होऊन आली ती कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. मग तो पाट कुठून आला? हीच का सामूहिक नेणीव? जाणकारांनी सांगावं. टिंगल केली तरी चालेल, सवय आहे.

दुपारी१ते४

पहिला नंबर टिंगलीचा माझा. पुण्यात जन्मलेल्या माणसाला पानशेतचं स्वप्न पडायला सामूहिक नेणीव कशाला हवी? दर बारा जुलैला पेपरात फोटो येतात. प्रत्येक जुन्या दुकानात ‘पाणी इथवर आलं होतं’ म्हणून बोट दाखवणारा एक काका असतोच. तू तीस वर्षं ते ऐकतेयस. विषय संपला.

गवतीचहा

रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

टेकडीवरचा

+१. वाचतोय. मला तरी हे पूर्वजन्माचं वाटतं. आणि युंगने जे काही लिहिलं ते सगळं आपल्या उपनिषदांतूनच उचललंय, हे कोणी बोलत नाही.

निळीशाई

समुपदेशक म्हणून काम करते, त्यामुळे थोडं लिहिते. आधी ते वर्कशॉप बाजूला ठेवू. बारा आर्किटाइपांची ती यादी युंगची नाही. ब्रँड कसा उभा करावा यावर २००१ मध्ये अमेरिकेत एक पुस्तक आलं, तिथून ती जाहिरातवाल्यांत आणि मग एचआरमध्ये पसरली. युंगने अशी पक्की यादी कधी केलीच नाही. छाया, माता, मूल, वृद्ध ज्ञानी, धूर्त खोडकर, पुरुषाच्या मनातली स्त्री, स्त्रीच्या मनातला पुरुष, अशा आकृत्यांबद्दल तो लिहितो. पण ‘तुझा आर्किटाइप अमुक’ हे वाक्यच त्याच्या हिशेबात चुकीचं आहे. त्याच्या मते त्या सगळ्या प्रत्येकात असतात. रक्तगटासारखं एकाला एक असं वाटप नसतं.

मराठीत आर्किटाइपला ‘आदिबंध’ म्हणतात आणि तो शब्द मला मुळापेक्षा बरा वाटतो. बंध म्हणजे बांधणीची रीत. युंगचा मुद्दा तोच होता: चित्र वारशाने येत नाही, चित्र घडण्याची रीत येते. त्याने स्फटिकाचा दाखला दिला आहे. द्रावणात स्फटिक कुठे दिसत नाही, पण तो बनायला लागला की ठराविक कोनांतच बनतो. प्रत्येक स्फटिकाचा आकार मात्र वेगळा.

आता रानजाई, तुझ्या स्वप्नाबद्दल. पाट, तांब्या, नारायण पेठेतला जिना, हे आदिबंध होऊच शकत नाहीत. ही अगदी नेमक्या घरातली नेमकी चित्रं आहेत. सामूहिक म्हणायचं तर फार फार तर ‘चढत येणारं पाणी’ इतकंच. बाकीचं कुठूनतरी तुझ्या कानावर पडलंय. याला स्मृतिलोप-स्मरण म्हणता येईल: गोष्ट लक्षात राहते, ती ऐकल्याचं मात्र विसरतं. आणि गंमत म्हणजे यावर १९०५ मध्ये स्वतः युंगनेच लेख लिहिला होता. नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाच्या एका प्रसिद्ध पुस्तकातला एक प्रसंग एका जुन्या पुस्तकातल्या मजकुराशी जवळजवळ शब्दशः जुळतो, हे त्याने दाखवलं. नीत्शेने ते मुलगा असताना वाचलं होतं आणि वाचल्याचं विसरला होता. म्हणजे आधी घरात शोध घे, मग आकाशात बघ, हे युंगचंच म्हणणं धर.

दुपारी१ते४

व्वा. म्हणजे मी बरोबर होतो, फक्त नीत्शे माहीत नव्हता.

निळीशाई

अर्धे बरोबर होतात. पेपरातल्या फोटोंत पाटावरचा तांब्या नाहीये.

शेवंती७२

मी तेव्हा नऊ वर्षांची होते, शनिवार पेठेत. सकाळी पानशेत फुटलं आणि दुपारी खडकवासला. आम्ही गच्चीवर होतो. लोक म्हणतात लाटा आल्या. आमच्या बाजूला लाटा नव्हत्या बाई, पाणी नुसतं फुगत होतं. रानजाई म्हणते ते खरं आहे, बोळात शिरलेल्या पाण्याला आवाज नव्हता. आवाज भिंतींचा होता. मातीच्या भिंती भिजून बसायच्या, त्याचा धप्प असा.

पाणी ओसरल्यावर गुडघाभर चिखल आणि वास. तो वास मला अजून पावसाळ्यात तळघराजवळून जाताना येतो. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे शहर पाण्यात बुडालं आणि मग प्यायला पाणी नाही. धरणच रिकामं झालेलं. आमची आई हंडा घेऊन विहिरीवर रांगेत उभी असायची. तुमच्या त्या शास्त्रात हे बसतं का माहीत नाही.

रानजाई

शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. आवाज नसतो हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, मला वाटायचं स्वप्नात आवाज ऐकू येत नसेल म्हणून.

गवतीचहा

आले. रुमाल उचलते.

पूर म्हटल्यावर युंगचाही एक पूर सांगायलाच हवा. ऑक्टोबर १९१३. तो आगगाडीने शाफहाउझेनला सासूबाईंकडे चालला होता. जागेपणी त्याला दिसलं की उत्तर समुद्रापासून आल्प्सपर्यंत सगळा सखल मुलूख पाण्याखाली गेलाय. पिवळ्या लाटा, त्यावर तरंगणारा मोडका पसारा, हजारो प्रेतं. मग पाण्याचं रक्त झालं. हे तासभर चाललं. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच, जास्त भयंकर. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, याचा जवळचा ज्येष्ठ सहकारी, त्याच्याशी त्याच वर्षी कायमचं फाटलेलं. याला वाटलं आपल्याला वेड लागतंय. तो वेड्यांच्या इस्पितळात नऊ वर्षं डॉक्टर होता, त्यामुळे ‘वेड लागतंय’ हे त्याच्या तोंडी नुसतं बोलणं नव्हतं. पुढे ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि त्याने हुश्श केलं! म्हणजे ते माझं एकट्याचं नव्हतं, सगळ्या युरोपच्या तळाशी शिजत होतं, असा त्याने अर्थ लावला.

मला इथेच तो माणूस आवडतो आणि इथेच त्याच्यावर विश्वास बसत नाही. कोट्यवधी माणसं मेली आणि ह्याला हायसं वाटलं की आपण वेडे नाही. माणूस म्हणून समजतं. पुरावा म्हणून काय कामाचं?

दुपारी१ते४

गवतीचहाला एक कटिंग माझ्याकडून. आता पुराव्याचा विषय निघालाच आहे तर ती सूर्याच्या शेपटीची केस कोणीतरी सांगा. युंगभक्तांचं ते हुकमी पान असतं.

निळीशाई

सांगते, आणि ते पान किती फाटकं आहे तेही.

झुरिकच्या बुर्गहोल्झ्ली इस्पितळात, म्हणजे युंग जिथे डॉक्टर होता तिथेच, एक रुग्ण होता. सूर्याला लिंग लोंबतंय, ते हललं की वारा सुटतो, असं त्याला दिसायचं. पुढे १९१० मध्ये युंगच्या वाचनात मिथ्र या प्राचीन देवतेच्या पंथाचा एक ग्रीक विधी आला. त्यात सूर्यबिंबातून लोंबणाऱ्या नळीचा आणि तिच्यातून येणाऱ्या वाऱ्याचा उल्लेख होता. फारसं न शिकलेल्या माणसाला हे कुठून कळणार? म्हणजे दोन्ही एकाच खोल झऱ्यातून आलं. हा युंगचा युक्तिवाद.

अडचणी अशा. तो ग्रंथ पहिल्यांदा १९०३ मध्येच छापला गेला होता, युंगने वाचली ती दुसरी आवृत्ती. रुग्ण त्याआधीपासून इस्पितळात होता, असं युंगने नंतर सांगितलं. पण १९१२ च्या पुस्तकात त्याने या नोंदीचं श्रेय होनेगर नावाच्या आपल्या तरुण सहकाऱ्याला दिलं होतं. नंतर मात्र आपण स्वतः १९०६ मध्ये ऐकलं असं लिहिलं. होनेगर इस्पितळात आला १९०९ मध्ये. १९११ मध्ये त्याने आत्महत्या केली, त्यामुळे त्याला विचारायची सोय नव्हती. आणि त्या काळी युरोपात गूढविद्येची पुस्तकं-मासिकं ढिगाने छापली जात होती, हे वेगळंच.

ज्याने स्मृतिलोप-स्मरणावर लेख लिहिला त्यानेच आपल्या लाडक्या केसमध्ये ती शक्यता पुरती खणली नाही. मी युंगचं वाचन करत मोठी झाले, मला हे लिहिताना बरं वाटत नाही.

तिरफळ

मराठीचा निवृत्त मास्तर आहे, मानसशास्त्रातलं ठाऊक नाही. पण पुण्यात बसून ‘माता’ या आदिबंधाचं, म्हणजे मातृदेवतेचंच, नाव काढायचं आणि कोसंबी-ढेरे यांची नावं नाहीत हे बरं दिसत नाही.

दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती माणूस. राहायचे टेकडीच्या पायथ्याशी. घरामागच्या टेकडीवर फिरताना त्यांना अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली, नखाएवढी. मग ते पुण्याच्या आसपासची देवळं पायी हिंडले. म्हातोबा, बोल्हाई, सटवाई, शेंदूर फासलेले तांदळे, म्हणजे देव म्हणून पुजलेले अनघड दगड. त्यांचं म्हणणं असं की ही ठाणी गुरं घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या जुन्या वाटांवर आहेत, वाटा जिथे एकमेकींना छेदतात तिथे. म्हणजे देवी तिथे का, याचं उत्तर पाणी, चारा आणि वाट. १९६२ च्या पुस्तकात हे सगळं आहे. युंग म्हणणार आई मनात आहे म्हणून दगडात दिसते. कोसंबी म्हणणार आधी तुझी वाट सांग, तुझी गुरं सांग.

लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांचं ‘लज्जागौरी’ (१९७८) वाचा. त्यात वारूळ येतं. रेणुका वारूळरूपात पुजली जाते, गोव्यात सांतेरी म्हणजे वारूळच. वारूळ हे भूमीचं गर्भाशय, असा अर्थ ढेरे उलगडतात. युंगवादी माणूस इथे टाळ्या वाजवील की बघा, पृथ्वी आणि आई सगळीकडे एकच. पण ढेरे तिथे पोचले ते नावांच्या व्युत्पत्तीतून, मूर्तींवरून, बायकांच्या व्रतांवरून, गावोगाव हिंडून. एकेक खिळा ठोकत. मला ‘सगळीकडे एकच’ हे वाक्य फार स्वस्त वाटतं. सगळीकडे एकच आहे म्हटलं की हिंडायची गरज उरत नाही.

अवांतर: युंगच्या ‘पर्सोना’ला आपण मुखवटा म्हणतो, म्हणजे जगाला दाखवायचा चेहरा, आत खरा मी वेगळा. लॅटिनमध्ये नटाचा मुखवटा, ते ठीक. पण आपल्याकडे मुखवटा काही लपवायला असतो का? भाद्रपदात गौरीचा मुखवटा बसवला की गौर आली. तोवर नुसती मांडणी, साडी आणि आत डबे. आमच्या सौ. मुखवटा बसवायच्या आधी त्या उतरंडीला ‘अहो, ते जरा सरकवा’ म्हणतात आणि बसवल्यावर ‘गौराईला धक्का लावू नका’. शब्द तोच, अर्थ उलटा. इथेच मला वाटतं की मन सामूहिक असलं तरी भाषेभाषेला वेगळं फुटतं.

वाकडचा_पोरगा

तिरफळ सर, म्हातोबाचं नाव काढलंत म्हणून लिहितो. मी वाकडचा. चैत्रात म्हातोबाचं बगाड, म्हणजे नवसाचा लाकडी गाडा, हिंजवडीहून आमच्या गावात येतं. गळकरी गळ टोचून घेतो आणि बगाड ओढायला आख्खं गाव लोटतं. रानजाई मॅडम, तुमच्या त्या आयटी पार्कची ट्रॅफिक त्या दिवशी अडते ना, ती आमच्यामुळे. माझा चुलतभाऊ तिथेच एका कंपनीत टेस्टर आहे. त्याला पण त्या वर्कशॉपमध्ये ‘बंडखोर’ असं काहीतरी आलं. बगाडाच्या दिवशी तो अनवाणी खांदा देतो. कोणता प्रकार म्हणायचा तो? मला तर वाटतं त्याला त्या दिवशी कुठलाच प्रकार नसतो, तो नुसता गावचा असतो.

तिरफळ

वा, पोरा. याच्यापुढे मी काही लिहीत नाही.

टेकडीवरचा

माझ्या उपनिषदांच्या मुद्द्याला कोणी उत्तरच दिलं नाही.

निळीशाई

टेकडीवरचे काका, थोडक्यात: त्याने आपल्याकडचं वाचलं होतं, नाकारत नाही. १९३२ मध्ये झुरिकला कुंडलिनीवर व्याख्यानं दिली. १९३७-३८ मध्ये भारतात आला, कलकत्त्यात आमांशाने दहा दिवस इस्पितळात पडला. पण साधुपुरुषांना भेटायचं त्याने मुद्दाम टाळलं आणि युरोपियनांनी योगाची नक्कल करू नये असं लिहिलं. उचलायचंच असतं तर असं लिहिलं नसतं. शिवाय त्याच्या कल्पनेचं मूळ तो स्वतः एका स्वप्नात सांगतो. १९०९ मध्ये फ्रॉइडबरोबर अमेरिकेला बोटीने जाताना एकमेकांची स्वप्नं उलगडणं चालायचं. याला एक घर दिसलं. वरचा मजला नक्षीदार, खालचा मध्ययुगीन, त्याखाली रोमन तळघर, त्याच्याही खाली गुहा, तिच्यात हाडं आणि दोन कवट्या. फ्रॉइड विचारत राहिला, कवट्या कोणाच्या? मनात कोणाच्या मरणाची इच्छा आहे? युंगने सुटका म्हणून ‘बायको आणि मेहुणी’ असं खोटं सांगून टाकलं. त्याला स्वतःला वाटत होतं की हे घर म्हणजेच मन, आणि गुहा कोणा एकाची नसते.

दुपारी१ते४

बायको आणि मेहुणी! हा माणूस पेठेतलाच.

पण गंभीरपणे: मला ‘रीत वारशाने येते’ हे इतकं मात्र पटू शकतं, आणि ते युंगमुळे नाही. १९८० च्या दशकात सुसान मिनेका या मानसशास्त्रज्ञ बाईंनी माकडांवर प्रयोग केले. प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना सापाची भीती नसते. पण दुसरं माकड सापाला घाबरतंय असा व्हिडिओ दाखवला की ती चटकन शिकतात. तोच व्हिडिओ जोडकाम करून, माकड फुलाला घाबरतंय असा दाखवला, तर नाही शिकली. म्हणजे भीती जन्मजात नाही, शिकण्याची तयारी आहे, आणि तीही सापासाठी आहे, फुलासाठी नाही. युंगच्या स्फटिकाचं यात काय उरतं ते तुम्ही ठरवा. मी म्हणेन ठिपक्यांच्या रांगोळीइतकं. ठिपके आधी असतात, रेघा घरच्या.

गवतीचहा

फरक एवढाच की ठिपके मोजता येतात. सात ते सात, की नऊ ते एक. युंगवाद्यांनी एकदा मोजून दाखवावेत.

रानजाई

उशिरा येतेय, माफ करा. निळीशाई म्हणाल्या घरात शोध घे, म्हणून रविवारी आत्याकडे गेले होते, धायरीला. ती पुराच्या वेळी अकरा वर्षांची.

मी स्वप्न सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, ‘अगं, ते आईचं भरवणं आहे.’ मी जेवायला फार त्रास द्यायचे. आजी मला वरणभात भरवताना रोज तीच गोष्ट सांगायची. पाणी एक पायरी चढलं, हा एक घास. दुसरी पायरी चढलं, हा दुसरा. मग पाट आला तरंगत, त्यावर तांब्या. ‘तांब्या पडला का? नाही पडला. मग आपणही सांडायचं नाही.’ अठरा पायऱ्या होत्या जिन्याला. आत्या म्हणाली, अठरा घास झाले की तू सुटायचीस.

आईला हे माहीत नव्हतं, कारण ती तेव्हा ऑफिसात असायची.

तर दुपारी१ते४ जिंकले. पूर्वजन्म नाही, सामूहिक नेणीव नाही, वरणभात. दोन दिवस मी थोडी हिरमुसले, खरं सांगते.

पण एक गोष्ट आत्यालाही लागली नाही. आजीच्या गोष्टीत सगळे वर जातात. खरोखरही वरच गेले, तिने मुलांना माडीवर ढकललं आणि कौलं काढून शेजारच्या गच्चीवर दिलं. खाली कोणीच उतरलं नाही. स्वप्नात मी उतरते.

निळीशाई

उतरताना भीती वाटते?

रानजाई

नाही. घाई असते. तांब्या घ्यायचा असतो. हात पुढे करते आणि जाग येते.

शेवंती७२

तो तांब्या खरा होता की गोष्टीतला, विचारलंस का आत्याला?

रानजाई

विचारलं. खरा होता. पाटासकट वाहून गेला तो चिखलात तिसऱ्या दिवशी बोळाच्या टोकाला सापडला. पाट काही मिळाला नाही. आत्याकडेच आहे, माळ्यावर. काळा पडलाय आणि बुडाला चेप आहे, त्यामुळे ओट्यावर ठेवला की एका बाजूला कलतो. आत्या म्हणाली ने, पण चिंच लावून घासायचं तुझं तू बघ.

घरी आणलाय. अजून घासलेला नाही.